‘या’ न म्हणण्याचं इंग्रजी

अशोकस्तंभाच्या सिग्नलला स्कूटरवर बसून मी “इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट” असं पुटपुटत असे, आणि शेजारच्या गाड्यांवरचे लोक आदराने थोडं अंतर ठेवत. कपाळाला गंध, अंगात सदरा, खाली धोतर आणि शेंडीवर हेल्मेट. गुरुजी जप करताहेत, असंच त्यांना वाटत असणार. सिग्नल सुटला की मागून हॉर्न वाजायला लागायचे, कारण मी अजून ‘ॲट नाइट’पाशीच अडकलेलो असायचो. सकाळीला ‘इन’, मग रात्रीला का नाही? सकाळ घरात आणि रात्र ओट्यावर, हा कुठला न्याय? असा मनातल्या मनात भांडत मी गंगापूर रोडला वळायचो.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. पन्नाशी जवळ आली तरी जेवायला बसलो की एक पाय हलतच असतो. दुधाला उकळी येईपर्यंत मला शेगडीपाशी उभं राहवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे आणि जिभेला चाबूक. मंत्र म्हणताना काय तो मी एका जागी स्थिर बसतो, तेही मंत्र पाठ आहेत म्हणून. अशा माणसाने या वयात इंग्रजी शिकायला जाऊ नये. पण मला जावं लागलं.

आमचं घर पंचवटीत. पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर तीर्थोपाध्येपण चालत आलेलं. लोक माणूस गेला की अस्थी घेऊन येतात, दहावं करायला येतात, आणि आम्ही ते शास्त्राप्रमाणे करून देतो. गोदावरीला नाशिकचा माणूस गंगाच म्हणतो, मीही म्हणतो. वडील गेल्यावर काम माझ्याकडे आलं. देवाशी संस्कृत, यजमानाशी मराठी आणि रिक्षावाल्याशी हिंदी, एवढ्यावर माझं उत्तम भागत होतं.

मग त्या मुलीचा फोन आला. तिच्या आजोबांपासूनचं ते घराणं आमच्याकडे येणारं. तिचे वडील तरुणपणीच परदेशी गेले, तिकडेच राहिले. बायको दुसऱ्या प्रांतातली, म्हणून घरात बोलणं इंग्रजीतच. आता ते वारले होते आणि त्यांची एकुलती एक मुलगी अस्थी घेऊन येणार होती. फोनवर ती भरभर बोलत होती आणि मी “येस, येस” म्हणत होतो. कशाला येस म्हणतोय याचा मला पत्ता नव्हता. शेवटी घाम पुसत “मेसेज, मेसेज” असं ओरडलो आणि फोन ठेवला.

मेसेज लांबलचक आला. अक्षरं जुळवत, अडलेला शब्द शेजारच्याला विचारत मी तो वाचला. ती कॉलेजात असताना तिची आई गेली होती. तेव्हा तिचे वडील तिला घेऊन इथेच आले होते आणि माझ्या वडिलांनी विधी केला होता. तिला कोणी काही सांगितलं नाही, ती पायरीवर बसून नुसती बघत राहिली. सगळं आटोपल्यावर तिच्या वडिलांनी हात जोडले. गुरुजींनी पाठ फिरवली आणि एक शब्द न बोलता ते निघून गेले. रिक्षात तिचे वडील रडत होते. पुढे कधीही तिने त्या दिवसाचा विषय काढला, की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

‘ते आमच्यावर रागावले होते का?’ तिने विचारलं होतं. ‘आमच्याकडून काय चुकलं? आईचं नीट झालं की नाही? आता बाबांचं मी करणार आहे. मला सगळं समजून करायचं आहे. मध्ये दुभाषा नको. मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.’

उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. आपल्याकडे कुठूनही निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि यजमान ‘या’ म्हणतो. फक्त मर्तिकाच्या ठिकाणी हे दोन्ही शब्द तोंडाबाहेर काढायचे नसतात. अशा कामासाठी पुन्हा या, असं कोण कोणाला म्हणेल? म्हणून न बोलता उठायचं, न बोलता निघायचं, मागे वळून बघायचं नाही. दारावर भेटायला आलेलं शेंबडं पोरही हे जाणतं. वडिलांनी रीतीप्रमाणे केलं, एवढंच. पण ती पोर समुद्रापार हे ओझं घेऊन बसली होती, की आईच्या शेवटच्या कामात आपलं काहीतरी चुकलं आणि म्हाताऱ्या गुरुजींनी आपल्याला झिडकारलं.

माझे वडील उभ्या जन्मात कोणाला टाकून बोलले नाहीत. टाकून बोलण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. त्यांच्यावर हा आळ, आणि तो दूर करायला मला तीन वाक्यं जुळवता येत नव्हती, याची मला इतकी चीड आली की मी मोबाइल कोनाड्यात पालथा घातला. मग पुन्हा उचलला आणि ‘नथिंग राँग. कम. आय टेल’ एवढं लिहून पाठवलं.

शेजारच्याने सुचवलं, हल्ली फोनच बोलतो की, तुम्ही मराठीत सांगा, तो इंग्रजीत म्हणून दाखवील. ऐकून पाहिलं. फलाटावर गाडी येत असल्याची सूचना द्यावी, त्या सुरात त्यातली बाई बोलत होती. बापाच्या अस्थी पुढे ठेवून बसलेल्या मुलीच्या तोंडासमोर मी तो फोन धरणार नव्हतो.

क्लास गंगापूर रोडला, एका केकच्या दुकानाच्या माडीवर. परदेशी शिकायला जाणारी पोरं, सिन्नरच्या कारखान्यातला एक सुपरवायझर आणि मी. शिकवणाऱ्या मॅडम देवळ्याच्या, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, अजून तिशीही न गाठलेल्या. इंग्रजी बोलायला लागल्या की बातम्या ऐकाव्यात, आणि मराठी बोलल्या की थेट देवळ्याचा बाजार. तासाच्या मध्येच आईचा फोन आला की भिंतीकडे तोंड करून अहिराणीत हळूच म्हणायच्या, “मी क्लासमा शे, नंतर करस.” त्या मला गुरुजी म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. शिष्यालाच गुरुजी म्हणायचं, याची पोरांना फार गंमत वाटे.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं आणि मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला.

“गुरुजी, दोन मिनिटांत लिहून देते ना मी. तुम्ही नुसतं वाचून दाखवा.”

“आणि तिने उलट काही विचारलं तर? तेव्हा काय, थांबा हं, माडीवर जाऊन विचारून येतो, असं म्हणू?”

“मग शिका. पण घाई नाय करायची. हे असं घाईनं येत नाय.”

म्हणजे नेमकं जे मला जमत नाही तेच त्यांनी पहिल्या दिवशी मागितलं.

मला शिकायची एकच पद्धत ठाऊक, ती म्हणजे संथा. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. मग शब्द सुलटे म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा सुलटे म्हणायचे, म्हणजे ते जन्मात सुटत नाहीत. वेद असेच टिकले, तर ‘डिपेंड ऑन’ची काय बिशाद! पहाटे अंघोळ झाली की ओटीवर फेऱ्या मारत मी सुरू करायचो. डिपेंड ऑन, ऑन डिपेंड, डिपेंड ऑन. इंटरेस्टेड इन, इन इंटरेस्टेड, इंटरेस्टेड इन. आतून बायको विचारायची, “अहो, आज कुणाची शांत आहे?”

शांत नव्हतीच कुठे. डोक्यात नुसती धुमश्चक्री. आपल्याकडे ‘वर’, ‘खाली’, ‘आत’ हे सगळे शब्दाच्या मागून येतात, नवरीमागून करवली यावी तसे. इंग्रजीत करवली पुढे आणि नवरी मागे. बरं, पुढे तर पुढे, पण कुठल्या नवरीपुढे कुठली करवली, तेही ठरलेलं. पाण्यात उभं राहायचं ते ‘इन’, पाण्यात सोडायचं ते ‘इन्टू’. पायरीवर ‘ऑन’, घाटावर ‘ॲट’. आणि ‘माझ्यावर रागावले’ याचं इंग्रजी ऐकून तर मी उभाच राहिलो. ‘अँग्री विथ मी’!

“विथ म्हणजे सोबत ना? रागावायचं माझ्यावर आणि म्हणायचं माझ्यासोबत? मग आम्ही दोघं मिळून रागावलो तरी कोणावर?”

सिन्नरचा सुपरवायझर बाकावर डोकं टेकून हसला. मॅडम हसल्या नाहीत. “ह्याला कारण नाय, गुरुजी. हे लग्न लागल्यासारखं हे. हा शब्द त्याच शब्दाबरोबर नांदतो. चूक ‘मेक’ करायची, गृहपाठ ‘डू’ करायचा. उलट केलं की ऐकणाऱ्याला खटकतं, पण का खटकलं ते त्यालाबी सांगता येत नाय.”

ह्याला कारण नाही, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरी येताना होळकर पुलावर मला आठवलं, की दर्भाची अंगठी, म्हणजे पवित्रक, अनामिकेतच का घालायचं, असं लोक विचारतात तेव्हा मीही हेच सांगतो.

जोडीने फसवणारे शब्द तर विचारूच नका. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी आणि ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. एका शेपटीने शेजारचा माणूस परका होतो. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’, ‘से’ आणि ‘टेल’, ‘हिअर’ आणि ‘लिसन’. ही शेवटची जोडी मला बरेच दिवस छळत होती. मग मॅडम म्हणाल्या, “कानावर पडतं ते हिअर. कान देता ते लिसन. रस्त्यावरचा हॉर्न तुम्ही हिअर करता. आईचा फोन मी लिसन करते.” एवढं एकच मला पहिल्या फटक्यात कळलं.

तिची यायची तारीख जवळ येत होती आणि माझी झोप उडत चालली होती. घाटावर काळे तीळ हातावर देताना ओठांवर ‘ऑन युअर पाम’ यायचं. मालेगावकडच्या एका यजमानाला मी संकल्पाच्या मध्येच “ओव्हर द थम” म्हणालो, आणि तोही भक्तिभावाने “ओव्हर द थम” म्हणाला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मॅडमनी मग खरा सराव सुरू केला. त्या यजमानीण व्हायच्या, मी मी व्हायचो. टेबलावर स्टीलचा पेला, वाटीत साखर तिळांच्या जागी. सिट फेसिंग साउथ. पुट द रिंग ऑन युअर फिंगर. लेट द वॉटर गो बिट्वीन द थम अँड द फिंगर. मॅडम दर पायरीला विचारायच्या, व्हाय? व्हाय साउथ? व्हाय बिट्वीन? आयुष्यभर कुणी विचारलं नव्हतं ते दोन आठवड्यांत त्यांनी विचारून घेतलं. मी चिडायचो, पण घरी जाऊन पोथ्या काढायचो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंग्रजी पुढची गोष्ट, मला मराठीतच नीट सांगता येत नव्हतं.

एक दिवस आम्ही शेवटाला पोचलो. मॅडम म्हणाल्या, “आता निरोप. तिनं तुमच्यासमोर हात जोडले. म्हणा, थँक यू फॉर कमिंग. हॅव अ सेफ जर्नी.”

“तेच तर म्हणायचं नसतं,” मी म्हणालो. “त्यासाठीच तर हे सगळं चाललंय.”

“पण गुरुजी, न बोलता जाणं म्हणजे त्यांच्यात अपमान. तुम्ही कितीबी समजावून सांगितलं आणि शेवटी पुन्हा पाठ फिरवली, तर तिला काय वाटेल? तेच वाटेल ना पुन्हा?”

“रीत आहे ती!”

“रीत तिच्यासाठी हे का तिला दुखवण्यासाठी?”

जिभेचा चाबूक उचलला गेला होता, पण समोर पोरीच्या वयाची बाई होती. मी दात आवळले, वही पिशवीत कोंबली, उठलो आणि तडातडा जिना उतरलो. मागून “गुरुजी” अशी हाक आली. मी वळलो नाही. घरी पोचेपर्यंत दोन रिक्षावाले आणि एक भाजीवाला माझ्या तावडीत सापडले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर वर्गात अजून कोणी नव्हतं. मॅडम फळा पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “काल तुम्ही काही न बोलता उठून गेले, गुरुजी. ‘येतो’सुद्धा म्हटले नाय. मी घरी जाऊन लय विचार केला. वाटलं, जास्त बोलले मी. मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं. आईलाबी सांगितलं, तर ती म्हणली, जाऊन पाया पड.”

“अहो, तुमचं काहीच चुकलं नाही. मी माझ्यावरच चिडलो होतो. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, म्हणून चिडलो.”

“ते मला कसं कळणार? मला तर पाठच दिसली.” त्या आता माझ्याकडे वळल्या. “पाठीवरनं माणसाला कसं कळावं, राग हे का दुसरं काय हे?”

मी खुर्चीवर बसून राहिलो. एक संध्याकाळ आणि एक रात्र मॅडमनी ते सोसलं, तेही मराठी कळत असताना, आई फोनवर असताना. तिकडे त्या पोरीने ते इतकी वर्षं सोसलं होतं. मी वर्षानुवर्षं किती जणांना पाठ दाखवली असेल, आणि त्यातल्या कितींना ती रीत माहीत असेल, हा विचार माझ्या मनात त्याआधी कधी शिरलाच नव्हता.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत ऐकत होती. म्हणाली, “पण बाबा कुठे लगेच निघून यायचे? कोपऱ्यावर थांबायचे की.”

थांबायचे, खरं होतं. कुंडावरून घराकडे येताना बोळाच्या तोंडाशी कुंकवाचं दुकान आहे. त्याच्या पलीकडे वडील उभे राहायचे. उपरणं झटकायचे, पुन्हा खांद्यावर टाकायचे, पुन्हा झटकायचे. मी मागे पिशवी घेऊन चुळबुळत असायचो. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते दम खातात, अशी माझी पक्की समजूत होती. घाईघाईने मी पुढेही निघून जायचो.

“गुडघे कसले?” बायको म्हणाली. “मी एकदा विचारलं होतं त्यांना, फुलं आणायला गेले होते तेव्हा. म्हटलं, बाबा, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, रिक्षा सुटली का ते ऐकतोय गं. वळून बघता येत नाही ना. रडत असतात बिचारी माणसं, पिशवी विसरतात, रिक्षा मिळत नाही. अडली तर कोणीतरी हवं.”

हे तिने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाली, तुम्ही कधी उभं राहून ऐकता का काही? पोळी तव्यावर टाकून ती पुढच्या गोळ्याला लागली. मी हातातला घास ताटात परत ठेवला. वडील गेले तेव्हा मी रडलो होतो तसं काही नव्हतं हे, पण जवळपास तेच होतं.

ती आली तेव्हा सकाळची थंडी होती. कुंभमेळ्याच्या तयारीची खोदाखोदी पलीकडे चालू, जेसीबीची घरघर. जाडसर जॅकेट घातलेली, चाळिशीची, डोळ्यांखाली काळं. वडिलांच्या अस्थींचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. गाडी बोळापासून हाकेच्या अंतरावर उभी करून ड्रायव्हर तिथेच बसला होता. तिने “नमस्कार” म्हटलं, अगदी जपून.

आणि माझं सगळं इंग्रजी पळालं. संथा, उलट सुलट, दोन आठवड्यांचा पेला आणि साखर, सगळं गंगार्पण. ‘सिट’ एवढाच शब्द निघाला, तोही पाटाकडे बोट दाखवून. ती बसली. चुकीच्या दिशेला बसली. मी म्हणालो, “नो, नो, साउथ,” आणि मग दक्षिणेच्या पाठोपाठ एकेक शब्द परत यायला लागला. फेसिंग साउथ, बिकॉज युअर फादर गोज साउथ. ऑन द फिंगर. बिट्वीन द थम. मंत्र थांबवून मी सांगायचो, ती मान हलवायची, मग मी पुढचा मंत्र म्हणायचो. चुका भरपूर झाल्या असतील. एकदा मी ‘इन्टू’च्या जागी दुसरंच काही म्हणालो, तर तिने पाण्याकडे हात करून विचारलं आणि मी मान हलवली. तिने विचारलेल्या एकाही ‘व्हाय’ला मी ‘रीत आहे’ असं उत्तर दिलं नाही, एवढं मला समाधान आहे.

अस्थी पाण्यात सोडल्यावर ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग सरळ झाली. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा प्रश्न पुन्हा विचारायची गरज नव्हती.

मी श्वास घेतला. म्हणालो, माय फादर वॉज नॉट अँग्री विथ यू. ‘विथ’वर मी नीट जोर दिला, मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या. म्हणालो, तुमचं काही चुकलं नव्हतं, आईचं सगळं नीट झालं. आम्ही रोज माणसाला ‘या’ म्हणतो. आजच्या दिवशी नाही म्हणत. नोबडी शुड कम अगेन फॉर धिस. म्हणून बोलायचं नाही, म्हणून वळून बघायचं नाही. मग त्या कोपऱ्याकडे बोट केलं. माय फादर स्टूड देअर. बिहाइंड दॅट शॉप. तुमची रिक्षा जाईपर्यंत. ही डिड नॉट लुक. ही लिसन्ड.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “ऑल द टाइम?” तिने विचारलं.

“एव्हरी टाइम,” मी म्हणालो. “एव्हरीबडी.”

ती तिथेच पायरीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. मी पंचा पुढे केला, मग तो ओला आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. रडता रडता ती सांगत होती ते मला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं. तिच्या वडिलांनी तिला मोजकेच मराठी शब्द शिकवले होते. लहानपणी शाळेला निघताना ती दारातून ‘जाते’ असं ओरडायची, आणि ते आतून रोज ओरडायचे, ‘जाते नाही, येते म्हण.’ रोज. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तरी फोन ठेवताना तेच. शेवटच्या आजारात ती दवाखान्यातून निघाली तेव्हाही ते तेच म्हणाले. मी निघाले आहे आणि हा माणूस मला ‘येते’ म्हणायला लावतो, याचं तिला नेहमी हसू यायचं.

“टुडे, नॉट येते,” मी म्हणालो.

“नो,” ती म्हणाली. “आय नो नाऊ.”

तिने हात जोडले. मी जोडले. आणि मी पाठ फिरवली.

रोज करतो ते काम, पण त्या दिवशी मला ते जड गेलं. मागे कोणीतरी माझी पाठ बघतंय, हे मला पहिल्यांदाच जाणवत होतं. पायऱ्या चढलो, बोळात शिरलो, कुंकवाच्या दुकानापलीकडे जाऊन उभा राहिलो. उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. दुकानदाराने विचारलं, “काय गुरुजी, पाय दुखतो का?” मी मानेनेच नाही म्हटलं.

कान दिला. जेसीबी, देवळातली घंटा, कुठेतरी बादली आपटली, फुलवाल्या बाईचं भांडण. त्यातून मला एकच आवाज हवा होता. गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग लागल्याचं. पण गाडी सुरू होईना. काय झालं? डबा विसरली का? चक्कर आली का? ड्रायव्हर कुठे आहे? वळून बघावं असं मनात शंभरदा आलं. ‘हॅव अ सेफ जर्नी’ हे मॅडमनी शिकवलेलं वाक्य तोंडात आलं होतं, ते गिळलं.

मग काच खाली झाल्याचा आवाज आला. तिला ठाऊक होतं मी कुठे उभा आहे. मोठ्याने नाही, पण माझ्यापर्यंत पोचेल इतकं, एकेक अक्षर सांभाळत ती म्हणाली,

“जाते.”

त्यावर आतून कोणी काही ओरडलं नाही. मीही काही म्हटलं नाही. म्हणायचं नसतं. गाडी सुरू झाली, पुलाच्या दिशेने गेली, इतर गाड्यांच्या आवाजात मिसळली, आणि तरी मी तिथेच उभा होतो. दुकानदाराने पुन्हा काहीतरी विचारलं. माझा पाय हलत नव्हता.